शॅकल पुढे की मागे

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सुकलाल पावराच्या गाडीत बदल करायच्या आरटीओ परवानगीचा कागद आज आला. तो आल्याशिवाय चाकाला हात लावणार नाही, असं मी त्याला दिवाळीआधीच बजावलं होतं. कागद माझ्या हातात देऊन तो दुकानाच्या पायरीवर बसला. म्हणाला, "प्रेमराजभाऊ, आता लावा हात."

बोराडीच्या पुढे डोंगरात त्याचा पाडा आहे. तिथे चार चाकांची गाडी एकच, ती ह्याची. बाजार, रेशन, आजारी माणूस, सगळं तीच खाली आणते. वाटेत एक नाला आहे, मोठाल्या दगडांच्या पायऱ्यांचा. गाडीची पुढची दोन चाकं आपापल्या सुट्या हातांवर बसवलेली आहेत. गुळगुळीत रस्त्याला ती मांडणी झकास, पण नाल्यात ते हात तिसऱ्यांदा मोडले. त्याला आता जुन्या जीपसारखा एकच अखंड अ‍ॅक्सल हवाय, दोन्ही बाजूंना पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगा, लावून. "मोडला तरी दगडानं ठोकून सरळ करता आला पाहिजे," म्हणतो.

असं काम वडिलांच्या, आबांच्या माघारी ह्या दुकानात पहिल्यांदाच. जमेल. माझी बहीण दिपमाला म्हणाली, जमेलच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

जळगावहून अ‍ॅक्सल आला. जुन्या लष्करी जीपचा, आतले दात चांगले आहेत. तिथे जुने पार्ट विकणाऱ्या ललितच्या गोडाऊनमधला. ट्रान्सपोर्टनं पाठव म्हटलं होतं, तर हा स्वतः पिकअप घेऊन आला, सोबत भरताची वांगी. म्हणाला, धुळ्याला काम होतंच. काम काय होतं ते कळलं नाही, कारण दुपारभर आमच्याच दुकानात होता.

गडी मोकळा आहे, पण थोडा विचित्र. जगातल्या सगळ्या बायकांना ताई म्हणतो. मेघाला, म्हणजे माझ्या बायकोला, मेघाताई म्हणतो. दिपमालाला मात्र 'दिपमाला मॅडम'. वेल्डिंगचा काळा चष्मा लावून, हाताला ग्रीस फासून बसलेल्या बाईला मॅडम कोण म्हणतं? तिलाही हसू आवरत नव्हतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

खरा प्रश्न आज उभा राहिला.

पाट्याचं एक टोक चेसिसला पक्कं बसतं. दुसरं टोक शॅकलवर. शॅकल म्हणजे दोन लोखंडी पट्ट्यांचा झोका. पाटा दाबला गेला की सरळ होतो, म्हणजे लांब होतो, आणि ती वाढलेली लांबी झोका पोटात घेतो. मग हा झोका पाट्याच्या पुढच्या टोकाला ठेवायचा की मागच्या?

मी म्हटलं, पुढे. आबांनी आयुष्यभर जीपा केल्या, सगळ्यांचे पुढेच.

दिपमाला म्हणाली, "मागे." आणि खडूनं फरशीवर चित्र काढलं. "दादा, पाटा दाबला की चाक पक्क्या टोकापासून लांब सरकतं. पक्कं टोक मागे ठेवलंस, तर दगडावर आदळल्यावर चाक आणखी दगडाकडेच जाणार. पक्कं पुढे ठेव. मग चाक दगडापासून मागे सरेल."

"मग गिअरबॉक्सपासून अ‍ॅक्सलला जाणाऱ्या शाफ्टचं काय? चाक मागेपुढे जास्त सरकलं की शाफ्ट जास्त आखडणार, जास्त लांबणार. एखाद्या दिवशी निसटून हातात येईल."

"लांब सरकणारा शाफ्ट शोधायचा. आणि दुसरं. पुढचा झोका तुझ्या बंपरखाली लोंबेल. उतारावर गाडीचं नाक खाली आलं की नाल्यातली पायरी चाकाआधी त्याला लागेल."

मी म्हटलं, आबांच्या गाड्या काय डांबरीवरच चालायच्या का? तिनं खडू खाली ठेवला आणि कामाला लागली. तिनं वाद असा सोडला की मला बरं वाटत नाही.

तिची बाजू अगदीच खोटी नाही. पण माझीही नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. दुकान बंद. सगळे मिळून मत देऊन आलो. संध्याकाळी ललितचा फोन, शॅकलचं ठरलं का म्हणून. फोन माझ्याच मोबाईलवर आला होता, पण बोलणं बराच वेळ दिपमालाशीच चाललं. ह्या माणसाला शॅकलमध्ये एवढा रस!

आई ओट्यावर तूर सोलत होती. मला म्हणाली, "तो कसाकरता फोन करस, तुले समजत नही का रे?"

मी म्हटलं, "आई, त्याचा माल आहे. परत आला तर त्याला घ्यावा लागेल, म्हणून चौकशी करतो."

आई म्हणाली, "ते बी बराबर शे." आणि तूर सोलत राहिली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

ठरवून टाकलं. झोका पुढे.

दिपमालानं अजून एकदा चित्र काढलं. मी म्हटलं, दुकानावर पाटी आबांची, पंडित मिस्त्रींची आहे आणि जबाबदारी माझी. चुकलं तर सुकलाल माझी गचांडी धरेल, तुझी नाही. तेव्हा मी म्हणतो तसं.

"ठीक," म्हणाली, आणि ब्रॅकेट कापायला घेतले. तिच्या हातात काम वाईट होतच नाही. मनाविरुद्धचं सुद्धा.

लिहिताना वाटतंय, शाफ्टची कटकट नको हेही एक कारण होतंच. ते मी तिला सांगितलं नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

ललित पुन्हा आला. पाट्यांची बुशं घेऊन. मूठभर रबर द्यायला जळगावहून माणूस येतो! एसटीच्या पार्सलनं सकाळी टाकलं तर दुपारी मिळतं.

आज माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो दिपमालाचं वेल्डिंग न्याहाळत होता. तासभर. मग म्हणाला, "एवढा सारखा जोड मी आख्ख्या खान्देशात पाहिला नाही, मॅडम." आणि मग विचारलं, जळगाव तुम्हाला कसं वाटतं?

म्हणजे गोष्ट सरळ आहे. त्याच्या गोडाऊनशेजारी रिकामा गाळा आहे, तिथे वर्कशॉप टाकायचं त्याच्या मनात आहे. त्याला माझी वेल्डर पळवायची आहे.

मेघाला हे सांगितलं. ती तोंडाला पदर लावून आत निघून गेली. तिलाही काळजी वाटली असणार.

दिपमाला सुरतेहून परत आली तेव्हा कोणाशी बोलत नव्हती. सासरचं सगळं कोर्टात मिटवून आली होती. वर्षभर माडीवरून खाली उतरली नाही. मग एक दिवस दुकानात येऊन तिनं मशीन चालू केलं, आयटीआयला शिकलेली होतीच. तेव्हापासून दुकान उभं आहे. आणि ती पण. असं कोणी येऊन उचलून नेईल तर मी बघत बसणार नाही.

४ डिसेंबर, बुधवार

गाडी चाकांवर उभी राहिली. रुबाबदार दिसते. आग्रा रोडवर सोनगीरपर्यंत फिरवून आणली. सरळ चालते, पण खड्ड्यात पुढून ठोसा बसल्यासारखं होतं. दिपमाला शेजारी बसली होती. दर ठोशाला माझ्याकडे बघायची. मी म्हटलं, पाटे नवीन आहेत, बसतील.

सुकलाल रोज फोन करतो आणि रोज म्हणतो, घाई नाही.

८ डिसेंबर, रविवार

दिपमालाचा हात मोडला. शिरपूरहून आत्ता आलो. आज लिहवत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

लिहितो.

काल नाल्यावर गाडी चालवून बघायला गेलो. मी, दिपमाला आणि सुकलाल. पाड्यावरची माणसं काठावर येऊन बसलेली. पाणी घोट्याएवढंच, पण दगडांच्या पायऱ्या गुडघ्याएवढ्या. मी चालवत होतो. दिपमाला गाडीच्या डाव्या बाजूच्या फूटबोर्डवर उभी होती, खिडकीची चौकट धरून, चाक कसं वरखाली होतं ते बघायला. पहिल्या दोन पायऱ्या गाडी चढली. लोक ओरडले. मलाही चेव आला.

पलीकडे उतार. गाडीचं नाक खाली गेलं. दिपमाला ओरडली, "दादा थांब, शॅकल लागतंय!"

मी ऐकलं. हे इथे लिहून ठेवतो, कारण काल सगळ्यांना मी सांगितलं की इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. मला वाटलं, निघेल.

झोका दगडावर बसला, मागे मुडपला, ब्रॅकेट वाकला आणि गाडी डावीकडे एकदम बसली. दिपमाला खाली दगडांवर पडली. हात अंगाखाली सापडला. मी उतरून गेलो तर तिचं पहिलं बोलणं: "माझं वेल्डिंग निघालं का?"

निघालं नव्हतं. लोखंड वाकलं, पण तिचा जोड जागचा हलला नव्हता. हे सांगितलं तेव्हा तिनं डोळे मिटले.

गाडी नाल्यात अडकलेली. सुकलाल आणि त्याचे भाऊबंद बांबूला गोधडी बांधून झोळी करू लागले. दिपमाला म्हणाली, पाय शाबूत आहेत, चालते. सडकेपर्यंत ती चालत आली, हात माझ्या मफलरीत बांधून. सुकलाल वाटेत म्हणाला, "आमची माणसं अशीच जातात, भाऊ. सगळी चालू शकत नाहीत." त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो नुसतं सांगत होता. त्यामुळेच फार लागलं.

शिरपूरच्या दवाखान्यात एक्स-रे निघेपर्यंत ललित तिथे हजर! जळगावहून चोपड्याच्या रस्त्यानं. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात कोणाची तरी. मी त्याला फोन केला नव्हता. सुकलालनंही नाही म्हणे. ब्रॅकेट वाकल्याचं ह्याला कोणी कळवलं असेल? मी त्याला म्हटलं, तुझा माल चांगलाय, काही बिघडलेलं नाही. तर माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही, सरळ आत गेला.

उजव्या मनगटाजवळचं हाड. प्लास्टर दीड महिना.

१२ डिसेंबर, गुरुवार

गाडी ओढून आणली. दुकानात कोणी जोरात बोलत नाही.

आज दिपमालाला सांगितलं की मला ऐकू आलं होतं. ती म्हणाली, "माहीत आहे. आरशात तुझं तोंड दिसत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून हात जुळणार होता का?" मग प्लास्टर मांडीवर नीट ठेवत म्हणाली, "दादा, त्या दिवशी फरशीवर काढलं तेव्हाच ऐकायला हवं होतंस. नाल्यातलं तर नंतरचं."

१६ डिसेंबर, सोमवार

जेवताना मी आईला म्हटलं, आबा असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. त्यांनी झोका कधी मागे नेलाच नाही.

आई म्हणाली, "तुना बाप ते कंपनीनी जशी गाडी दिन्ही तशीच ठेवे. त्यानी कधी इचारबी करा नही."

भाकरी हातात तशीच राहिली. मी इतकी वर्षं समजत होतो की आबांनी ते ठरवलं होतं. त्यांच्या पुढे तो प्रश्नच कधी आला नव्हता. गाडी पुढे झोका घेऊनच यायची, ते दुरुस्त करून परत द्यायचे. मी त्यांच्या नावावर एक मत चिकटवलं आणि त्या मताच्या मागे उभा राहिलो.

२७ डिसेंबर, शुक्रवार

दहा-बारा दिवस लिहायला फुरसत नाही. झोका मागे जातोय.

दिपमाला खुर्चीवर बसून सांगते, मी करतो. वेल्डिंग मी शिकलोय, पण उभ्या जोडाला माझा हात थरथरतो. तिनं तीन ब्रॅकेट परत कापायला लावले. "हे जनावर बांधायला चालेल, माणसं बसवायला नाही," म्हणाली. राग आला. चौथा चांगला झाला.

पाटे लावल्यावर तिनं गाडी जॅकवर घेऊन अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबू दिला, मग पूर्ण वर दाबायला लावला, आणि दोन्ही वेळा शाफ्ट कुठे जातो ते बघायला लावलं. माझी भीती खरी होती. लोंबताना शाफ्ट जवळजवळ सुटत होता. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "तू बरोबर होतास. माझ्या अंदाजापेक्षा जास्त सरकतोय." तिनं हे किती सहज म्हटलं! मला असं म्हणायला एक हाड मोडावं लागलं.

लांब सरकणारा शाफ्ट ललितनं शोधला, जामनेरच्या एका भंगारवाल्याकडे. अर्थात स्वतः घेऊन आला. हल्ली तो एक दिवसाआड येतो. त्याचं गोडाऊन कोण बघतं देव जाणे. दिपमालाला डाव्या हातानं जेवता येत नाही, तर हा तिच्यासाठी शेवभाजीऐवजी खिचडी घेऊन आला, चमच्यानं खाता येते म्हणून. चांगल्या कारागिराला खूश कसं ठेवायचं हे त्याच्याकडून शिकावं.

५ जानेवारी, रविवार

पुन्हा नाला. ह्या वेळी सुकलाल गाडीवर, मी बाहेर पायी, दिपमाला काठावर. ती हात दाखवील तेव्हाच गाडी हलणार, असं मीच ठरवलं.

तोच उतार. नाक खाली आलं. आता पुढे पक्का ब्रॅकेट आहे, आखूड, चेसिसला चिकटून. दगडाला आधी चाक लागलं. चाक किंचित मागे सरलं, पाटा दबला, मागचा झोका मागे गेला, आणि गाडी दगडावर चढून पलीकडे उतरली. आवाज नाही की ठोसा नाही.

सुकलालनं नाला दोनदा पार केला. मग गाडी थांबवून काठावर बसलेल्या त्याच्या आईला, गुंताबाईला, हाक मारली. ती म्हातारी गेल्या पावसाळ्यात झोळीतून खाली आली होती. म्हणाली, "आधी रिकामी अजून एकदा नेऊन दाखव." नेऊन दाखवली. मग बसली. पलीकडे पोचल्यावर उतरलीच नाही. म्हणाली, आता बाजारापर्यंत चल, मीठ संपलंय.

एक दोष राहिलाय. जोरात ब्रेक दाबला की नाक आधीपेक्षा जास्त वाकतं. सुकलालला सांगून ठेवलं, दिपमालानंही सांगितलं. तो म्हणाला, "डोंगरात जोरात जातंय कोण?"

१४ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते लिहिताना कानशिलं तापताहेत.

संक्रांत म्हणून ललित आला. सोबत त्याचे मोठे भाऊ भटूअण्णा, इस्त्रीचे कपडे, तिळगूळ, नारळ. मी मनात म्हटलं, आला. आज विषय काढणार. मेघानं बैठकीत चादर बदलली होती, आई नवं लुगडं नेसून बसली होती. माझ्या लक्षात येऊनही आलं नाही.

भटूअण्णा घसा साफ करून म्हणाले, "प्रेमराजभाऊ, आम्ही दिपमालाबाबत बोलायला आलो."

मी तयारीतच होतो. म्हटलं, "अण्णा, स्पष्ट सांगतो. ललितभाऊची मदत मी विसरणार नाही. पण दिपमाला कुठे जाणार नाही. तुम्ही जास्त द्याल, मला माहीत आहे. मीही वाढवून देईन. ह्या दुकानाला दुसरी वेल्डर मिळणार नाही."

ललितच्या हातातला तिळगूळ खाली पडला. दिपमाला दारात उभी होती, तिनं प्लास्टरच्या हातानं तोंड झाकलं.

आई म्हणाली, "आरे येड्या, तो पोर मांगाले येल शे!"

म्हणजे मागणी घालायला! मग हसणं सुरू झालं ते थांबेना. भटूअण्णा तर भिंतीला टेकले. मी पण हसलो, काय करणार? पण आतून काहीतरी टोचत होतं. सगळं घर जाणून होतं आणि मी पार्सलचे दर मोजत बसलो होतो.

मी दिपमालाला आत बोलावलं. विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू ठरवून टाकलं असतंस," ती म्हणाली. "हो किंवा नाही, पण तूच. सुरतेचं असंच ठरलं होतं. आबांनी आणि तू. मला ह्या वेळी माझं मला ठरवायचं होतं. ठरल्यावर सांगणार होते."

"मग ठरलं?"

"मला जायचंय, दादा. त्या रिकाम्या गाळ्यात माझं दुकान टाकणार आहे. ललितचं नाही, माझं. त्यानंच म्हटलं, पाटी तुझ्या नावाची."

मला विचारायचं होतं, इथलं काय? माझं काय? जिभेवर आलं होतं. त्याऐवजी विचारलं, "माणूस कसाय?"

ती हसली. "पाहिलंस की तू. दोन महिने झाले, वहीत लिहीत असशील."

मी बाहेर येऊन भटूअण्णांना म्हटलं, "तिचं उत्तर हो आहे. माझं म्हणाल तर तेच."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लग्न कोर्टात झालं, जेवण घरी. ती गेली त्याला आता आठवडा झाला. मशीन तिला दिलं, तिच्या हाताला सवय होती. मी नवीन घेतलं.

आज ट्रॉलीचा उभा जोड आला. घेऊ की नको असं करत घेतला. पहिला कापून काढला. दुसराही. गिऱ्हाईक चहाला गेलं होतं ते बरं. मग फोन केला. मागे ग्राइंडरचा आवाज, कोणाला तरी ती ओरडून सूचना देत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घाबरून करंट वाढवतोस तू. कमी कर. आणि श्वास सोडून हात चालव."

करंट कमी केला. श्वास सोडला.

आता बरा आलाय. उद्या फोटो पाठवीन. दोष काढेलच.